दोघांच्या मधली जागा

डोळा लागतोय की नाही, हे अजून ठरलेलं नाही. मिरजेतल्या एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत, एकावर एक रचलेल्या खुर्च्यांच्या आडोशाला गादी ओढून मी आडवा झालोय. सकाळी हळद झाली, मग पंगत झाली, आणि आता गोरज मुहूर्तापर्यंत फोटोग्राफरला कुत्रं विचारत नाही. कोपऱ्यात बॅटऱ्या चार्ज होतायत. बाहेर कुणीतरी माईकवर फुंकर मारतंय. "हॅलो, हॅलो." उत्तर कुणीच देत नाही, म्हणून तो परत "हॅलो" म्हणतो.

मी कूस बदलतो. परत बदलतो. जिलेबी जास्त झाली, असं मी स्वतःला सांगतोय, पण ते खरं नाही. खरं हे की आज माझ्या दाजींचं लग्न आहे. दाजी म्हणजे माझ्या अक्काचा नवरा. अक्का, माझी थोरली बहीण शालन, जाऊन दोन वर्षं झाली. दाजी दुसरं लग्न करतायत ते बरोबरच करतायत. त्यांची जुई अजून शाळेत जाते, तिच्या वेण्या घालताना दाजींना पेड सापडत नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलंय. "करा लग्न," असं त्यांना पहिल्यांदा मीच म्हणालो. आणि फोटो मीच काढतोय, कारण आई म्हणाली, "काढायचेच तर तू काढ. परक्यानं काढलेले मला बघवायचे नाहीत." ती स्वतः मात्र आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली.

मग तळमळ कशाची? तर साखरपुड्याच्या फोटोंची.

लग्नाच्या फोटोग्राफरचं अर्धं काम बोटानं होतं आणि अर्धं तोंडानं. नवरा-नवरी कायम विजेच्या खांबांसारखी लांब लांब उभी राहतात. त्यांना "जवळ या, अजून जवळ या, लाजताय कशाला, आता परके आहात का?" असं म्हणत राहावं लागतं. हे वाक्य मी इतक्या लग्नांत म्हटलंय की झोपेतही म्हणतो, असं बायको सांगते. पण दाजींच्या साखरपुड्यात मी ते एकदाही म्हटलं नाही. म्हटलं नाही हेही मला कळलं नाही. घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर टाकले तेव्हा दिसलं. प्रत्येक फोटोत डावीकडे दाजी, उजवीकडे त्यांची होणारी बायको हर्षदा, आणि दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा. पेढा भरवतानासुद्धा दोघं विहिरीत वाकल्यासारखी हात लांब करून. फ्रेम बरोबर, उजेड बरोबर, आणि मधोमध अक्काच्या रुंदीची रिकामी भिंत. ती जागा मीच ठेवली होती. कापून जोडायचा प्रयत्न केला, तर दाजींचा हात कोपरापासून जायला लागला.

हर्षदा फोटो बघून हसली. जयसिंगपूरची आहे, मोकळी आहे स्वभावानं. म्हणाली, "दादा, आमच्या मधनं एसटी जाईल की हो!" दाजी हसले नाहीत. त्यांनी फोटो बराच वेळ हातात धरला आणि ठेवून दिला. काल संध्याकाळी मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "दिगू, उद्या तेवढे नीट काढ रे. जुईच्या घरात हेच लागणार आहेत."

नीट काढायचे म्हणजे "जवळ या" म्हणायचं. आणि ते म्हटलं की मधे जी आहे ती गेली. आजारानं नेली ती वेगळी गोष्ट, तिथं माझा इलाज नव्हता. पण आज गोरजाला, भरल्या मांडवात, माझ्याच तोंडानं मी तिला काढणार. मला ते जमणार नाही. जमलं नाही तर त्या पोरीच्या घरात भिंतीभर भोक टांगलेलं राहणार. हे दोन्ही आलटून पालटून डोक्यात फिरतंय, आणि पंखा वर कटकट कटकट करतोय.

"हॅलो," बाहेरचा माईक म्हणतो.

"हं, बोल," कुणीतरी उत्तर देतं.

मी डोळे उघडतो, किंवा उघडलेत असं मला वाटतं. खुर्च्यांच्या चवडीशेजारी अक्का उभी आहे. अंगावर तिची ती मोरपंखी साडी, एक पाय दुसऱ्या पायावर घासतेय.

"झोपलास काय रे? तिकडं अक्षता वाटून झाल्या."

"अक्का," मी म्हणतो. छातीत इतकं भरून येतं की हात पुढे करायचंही भान राहत नाही. "बस की."

"बसता येत नाही."

"का?"

"मागनं सांगते. आधी ऊठ. आणि शर्ट खोच, ध्यान दिसतोयस."

मी उठतो. कॅमेरा गळ्यात आहेच. खोलीचं दार उघडतो तर बाहेर हॉल नाही, कृष्णेचा घाट आहे. पायऱ्यांवर कार्यालयाच्या लाल खुर्च्या मांडल्यात आणि पाहुणे पाण्याकडे तोंड करून बसलेत. पाणी घोट्यापर्यंत आलंय तरी कुणी पाय वर घेत नाही. पलीकडच्या काठावर गुरुजी मंगलाष्टका म्हणतायत. त्यांचा आवाज पाण्यावरून येईपर्यंत शब्द ओले होतात, नुसती चाल पोचते.

"चल लवकर," अक्का पुढून म्हणते. ती पाण्यातून चालतेय, साडी वर धरून, नेहमीसारखी माझ्या दोन पावलं पुढे.

मी कॅमेरा डोळ्याला लावतो. अंधार. लेन्सचं झाकण काढायचं राहिलंय. झाकण काढतो, तर आत दुसरं झाकण. ते काढतो, आत तिसरं. खिसे झाकणांनी भरतात, मी ती पाण्यात टाकायला लागतो, ती गोल गोल फिरत वाहून जातात, आणि लेन्स काही दिसत नाही.

"अक्का, थांब जरा! उघडत नाहीय!"

"उघडेल की. तुला घाई कुणी केलीय?"

"तूच तर केलीस!"

"मी व्हय? मी तर ऊठ म्हणाले नुसतं."

अशीच होती ती. घरात आग लावायची आणि मग आपण कसे शांत बसलोय ते दाखवायचं. मला एकदम हसू येतं आणि त्याच वेळी रडूही येतं. शेवटचं झाकण निघतं.

समोर अंतरपाट धरलाय. पांढऱ्या कापडावर कुंकवाचं स्वस्तिक, दोन्ही बाजूंनी दोन हात, पण हातांमागे माणसं दिसत नाहीत. मी बोट बटणावर ठेवून तयार आहे. अंतरपाट सरकतो, आणि त्याच्या मागे हॉस्पिटलचा वॉर्ड आहे. ते कापड आता हिरवं झालंय, वर लोखंडी कड्यांमध्ये अडकलंय. आत एकाच ओळीत खाटा, आणि प्रत्येक खाटेखाली पाहुण्यांच्या चपला जोडीनं लावून ठेवल्यात. खिडकीशेजारच्या खाटेपाशी अक्का उभी आहे. आता तिच्या डोक्याला, केस गेल्यावर बांधायची तो निळा रुमाल बांधलाय.

मला हा वॉर्ड नको आहे. मी मागे वळतो तर पडदा नाही, भिंत आहे.

"इथं कशाला आणलंस?" मी म्हणतो.

"मी कुठं आणलं? तूच येतोस सारखा. मी आपली तुझ्या मागनं."

"तेव्हा एक फोटो काढू दिला नाहीस."

"काय काढणार होतास? नारळ?" ती रुमालावर टिचकी मारते. "लग्नात कलशावर ठेवलेला काढतोस तेवढा पुरे की."

"मला काहीतरी हवं होतं ठेवायला."

हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगतोय. तिच्या आजारपणात मी रोज कॅमेरा बॅगेत घेऊन जायचो आणि रोज तसाच परत आणायचो. अक्का माझ्याकडे बघते. चेष्टा करायचं तिच्या ओठावर आलंय, पण ती करत नाही.

"म्हणून जागा ठेवलीस होय रे," ती म्हणते.

ती रुमालाची गाठ सोडते. आतून केस पडतात, ओले, कमरेपर्यंत, नुकतंच न्हाऊन आल्यासारखे. शिकेकाईचा वास येतो. मी कॅमेरा वर घेतो, पण ती डोकं हलवते आणि खाटांच्या मधून चालायला लागते. मी तिच्या मागे जातो, आणि वॉर्डाच्या टोकाला माझा स्टुडिओ आहे. माझाच. रंगवलेला पडदा, त्यावरचा तो हिमालय, ज्याचा एक कोपरा उंदरांनी खाल्लाय. पडद्यापुढे लग्नाचं स्टेज.

स्टेजवर दाजी आणि हर्षदा उभे आहेत. दाजींना मुंडावळ्या बांधल्यात, त्या त्यांच्या चष्म्यात अडकल्यात. दोघं समोर बघतायत, हसू धरून ठेवलंय, तसंच कधीपासून धरून ठेवलं असावं असं. सगळे पाहुणे खाली उभे आहेत. अक्षता उडालेल्या आहेत, पण खाली पडत नाहीत. पिवळे तांबडे तांदूळ हवेत जिथल्या तिथं थांबलेत, आणि माणसं त्यांच्यातून माझ्याकडे बघतायत. स्टेजच्या पायरीवर जुई बसलीय. तिनं मूठ घट्ट मिटलीय.

"मामा, माझ्या अजून टाकायच्या राहिल्यात," ती म्हणते. "टाकू?"

"थांब जरा, बाळा."

"सगळे थांबलेत. तू सांगत का नाहीस?"

अक्का स्टेजवर चढते. गुडघ्यावर हात ठेवून, आईसारखीच. दाजींच्या आणि हर्षदाच्या मधोमध जाऊन उभी राहते. ती त्या जागेत बरोबर मावते. त्या दोघांना ती दिसत नाही. पण तिच्या साडीचा काठ दाजींच्या धोतराला लागतो तेव्हा त्यांचा चेहरा थोडा हलतो, आणि ते परत हसू नीट करतात.

"हे असं," अक्का म्हणते. "साखरपुड्यापासनं."

"काय साखरपुड्यापासनं?"

"उभी आहे की! तू म्हणालास, हलू नका, तसंच उभं राहा. मला वाटलं मलाच म्हणालास. म्हणून उभी आहे. पाय गेलेत माझे, दिगू."

ती एक टाच उचलून दाखवते. टाच भेगाळलीय. तिच्या टाचा अशाच असायच्या, कितीही मलम आणून दिलं तरी.

"मग उतर की," मी म्हणतो.

"अशी कशी उतरू? फोटोग्राफरनं सांगितल्याशिवाय स्टेजवरनं कुणी हलतं काय?"

"मी नाही सांगणार."

"मग मी उभीच."

"राहा उभी! काय बिघडतं?" मी चिडतो. मेलेल्या बहिणीवर चिडावं का, असा विचारही मनात येतो, पण राग थांबत नाही. "चार फोटोंत उभी राहिलीस तर काय होतंय? सगळ्यांनी घाई लावलीय. तुझी साडी कपाटातनं निघाली, तुझा मसाल्याचा डबा दुसऱ्याच कुणीतरी नेला, आई तर तुझं नावही घेत नाही. एवढी एक जागा मी ठेवली तर सगळ्यांच्या डोळ्यांवर येतेय!"

पाहुणे ऐकतायत. तांदूळ हवेत तसेच. अक्का नुसती ह्या पायावरून त्या पायावर होते.

"तुला राग नाही येत?" मी विचारतो.

"येतो की. का येऊ नये? माझी पोरगी, माझा नवरा, माझा कुकर. ही बाई कुकरला चार शिट्ट्या करणार, मी तीन करत होते. सगळ्याचा राग येतो." ती वाकून पोटरी दाबते. "पण पाय जास्त दुखतात रे."

दोन वर्षं मी तिला सांभाळून ठेवतोय असं मला वाटत होतं. आणि ही इथे, लग्नाच्या दिव्यांच्या उकाड्यात, परक्या बाईच्या शेजारी, मी हलू नका म्हणालो म्हणून उभी आहे. पाणीसुद्धा विचारलं नाही मी तिला.

"मी म्हटलं तर तू कुठं जाणार?"

"मला काय ठाऊक? खाली उतरल्यावर बघीन. पहिल्यांदा बसीन."

"मग परत दिसशील?"

"दिगू, लोक ताटकळलेत."

मी तोंड उघडतो. तोंडात तांदूळ आहेत, कच्चे, हळदीचे, दातांखाली कुरकुरतात. मी थुंकतो, परत भरतात. जुई पायरीवरून उठून उभी राहिलीय, तिच्या मुठीतून हळदीचं पिवळं पाणी मनगटावर ओघळतंय. दाजींचं हसू आता थकलंय. हर्षदा एका हातानं खांद्यावरचा शालू सारखा वर ओढतेय, आणि अक्काची नजर तिकडे जाते.

"अगं बाई, ही बघ कशी," अक्का म्हणते. "निऱ्या सुटतायत खांद्यावरनं. असा फोटो आला तर जन्मभर चुटपुट लागेल हिला. कुणी बाईमाणूस नाही काय हिच्याबरोबर?"

तिच्या बांगडीत पिन आहे. ती कायम असायचीच, घराबाहेर पडताना कुणाचं काय सुटेल सांगता येत नाही म्हणून. ती पिन काढते, हर्षदाच्या खांद्याकडे हात नेते, पण हात पोचत नाही. इतकी शेजारी उभी असून पोचत नाही. ती परत प्रयत्न करते. मग माझ्याकडे बघते, आणि तिचा तो थोरलेपणाचा चेहरा एकदम उतरतो.

"मला लावता येईना रे," ती म्हणते. "तू लाव म्हणावं तिला. घे."

ती वाकून पिन माझ्या तळहातावर ठेवते आणि माझी बोटं एकेक करून मिटवते. तिचा हात गरम आहे. शेवटी शेवटी तो कधीच गरम नसायचा. मला तो सोडायचा नाही. मी सोडत नाही, आणि तसाच धरून, तिच्याकडे बघत, दाजींना आणि हर्षदाला म्हणतो,

"जवळ या."

माझाच आवाज. रोजचा, लग्नातला, जरा जास्तच मोठा.

"अजून जवळ या. लाजताय कशाला?"

दाजी एक पाऊल सरकतात. हर्षदा एक पाऊल सरकते. "अरे अरे, चेंगराल की!" अक्का म्हणते आणि हसते, तोंडाला पदर लावून. तिचा हात माझ्या हातातून निघतो. ती आडवी होऊन दोघांच्या मधून बाहेर पडते, स्टेजच्या कडेनं साडी सावरत उतरते, आणि पहिल्या ओळीतल्या एका रिकाम्या खुर्चीवर बसते. बसताना "आई गं" म्हणते. चपला काढते, पाय मांडीवर घेऊन तळवा चोळायला लागते. तिच्या चेहऱ्यावर असं सुख आहे की मी कॅमेरा तिच्याकडे वळवतो.

"माझा नको," ती वर न बघता म्हणते. "तिकडं बघ."

मी तिकडे बघतो. बोट दाबतो. सगळे तांदूळ एकदम पडतात.

"...फोटोग्राफर कुठं आहेत? फोटोग्राफरांनी ताबडतोब स्टेजजवळ यावं. मुहूर्त जवळ आलाय."

माईक ओरडतोय. पंखा कटकट करतोय. खिडकीतून तिरपं ऊन खुर्च्यांच्या पायांवर पडलंय. माझी उशी एका बाजूनं ओली आहे आणि उजव्या हाताची मूठ इतकी घट्ट मिटलीय की बोटं उघडताना दुखतात.

मुठीत पिन आहे.

माझ्या बॅगेत पिना असतात, प्रत्येक फोटोग्राफरच्या असतात. त्या पाकिटातल्या, चकचकीत. ही जुनी आहे, पितळी, काळवंडलेली, टोकाशी जरा वाकवून परत सरळ केलेली. तळहातावर तिचा ठसा उठलाय आणि मधे रक्ताचा एक ठिपका. मी ती उलटून पालटून बघतो. नाकाजवळ नेतो. बॅगेची चेन बंदच आहे.

बॅटऱ्या काढतो, कॅमेरा गळ्यात घालतो, दार उघडतो. बाहेर हॉलच आहे. स्टेजच्या मागच्या बाजूला हर्षदा उभी आहे, एकटीच. एका हातात नारळ, आणि दुसऱ्या हातानं खांद्यावरच्या निऱ्या गच्च दाबून धरल्यात. मला बघून तिचा जीव भांड्यात पडतो.

"दादा, बरं झालं आलात. पिन असेल काय हो एखादी? आमच्यातल्या सगळ्या बायका रुखवताजवळ गुंतल्यात, आणि हे सारखं सुटतंय."

मी हात पुढे करतो. ती पिन घेते, उजेडात धरते.

"केवढी जुनी आहे. कुणाची हो?"

कुणाची ते सांगावं की नाही, असं क्षणभर वाटतं. तिकडे दाजी मुंडावळ्यांशी झटापट करतायत, आणि जुई त्यांचा चष्मा हातात धरून उभी आहे.

"घरचीच आहे," मी म्हणतो. "नारळ द्या इकडे. लावा तुम्ही सावकाश, मी थांबतो."